कार्डावर ‘आर’ आहे का? ढोरांच्या दवाखान्यातली अक्षरं वाचायची कशी

सध्या जो तो एआयबद्दल बोलतोय. पण वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, कारंजा किंवा समुद्रपूरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन ‘एआय होतं का?’ असं विचारलंत, तर डॉक्टर तुम्हाला आधी विचारतील, ‘गाय माजावर कधी आली?’

कारण तिथं एआय म्हणजे कृत्रिम रेतन. मोबाईलमधलं एआय येण्याच्या कितीतरी आधीपासून ही दोन अक्षरं गावातल्या रजिस्टरमध्ये लिहिली जात आहेत.

ढोरांच्या दवाखान्यात अशी बरीच अक्षरं असतात. कुत्र्याच्या लसीच्या कार्डावर, गायीच्या नोंदीत, औषधाच्या चिठ्ठीवर. डॉक्टरांसाठी ती रोजची भाषा आहे. आपण मात्र कार्ड घडी करून कपाटात ठेवतो आणि ‘आमच्या कुत्र्याच्या सगळ्या लसी झाल्या’ असं सांगून मोकळे होतो. पण शेजारच्या पोराला तोच कुत्रा चावला आणि डॉक्टरांनी विचारलं, ‘रेबीजची लस कधी दिली होती?’, तर ‘सगळ्या झाल्या’ हे उत्तर पुरत नाही. त्या वेळी कार्डावरचं एक अक्षर आणि एक तारीख शोधावी लागते.

ते अक्षर कोणतं आणि बाकीच्या अक्षरांचा अर्थ काय, हे एकदा समजून घेऊ.

पिल्लाच्या कार्डावरचं ‘डीएचपीपीआयएल’ म्हणजे काय?

कुत्र्याचं पिल्लू साधारण सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस दिली जाते. कार्डावर एक स्टिकर लागतो आणि त्यावर इंग्रजीत डी, एच, पी, पीआय, एल अशी अक्षरं असतात. हे औषधाचं नाव नाही. ही आजारांची यादी आहे.

डी म्हणजे डिस्टेंपर. पिल्लाला ताप येतो, नाका-डोळ्यांतून घाण येते, पुढे झटके येतात. ज्या विषाणूमुळे माणसाला गोवर होतो, त्याच कुळातला हा विषाणू. गायी-म्हशींची गोठेच्या गोठे रिकामे करणारी बुळकांडी याच कुळातली होती. लसीकरणाच्या जोरावर २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. डिस्टेंपर मात्र अजून आहे.

एच म्हणजे हिपॅटायटिस, कुत्र्यांमधला यकृताचा संसर्गजन्य आजार.

पी म्हणजे पार्व्हो. उलट्या, रक्ताची हगवण आणि दोन-चार दिवसांत पिल्लू हातचं जाणं. हा आजार १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. त्याचा विषाणू इतका चिवट असतो की आजारी पिल्लू गेल्यानंतरही महिनोन् महिने त्या जागेत टिकून राहतो. म्हणून एक पिल्लू पार्व्होनं गेलं असेल, तर त्याच अंगणात लगेच दुसरं बिनलसीचं पिल्लू आणू नये.

पीआय म्हणजे पॅराइन्फ्लुएन्झा, खोकल्याचा आजार.

एल म्हणजे लेप्टो. हा जिवाणू उंदरांच्या मुतातून आणि साचलेल्या पाण्यातून पसरतो आणि माणसालाही होतो.

यादी पुन्हा एकदा वाचा. डिस्टेंपर, हिपॅटायटिस, पार्व्हो, पॅराइन्फ्लुएन्झा, लेप्टो. रेबीज यात कुठेही नाही.

‘नाइन इन वन’ दिलं, मग रेबीज त्यात आलंच ना?

सर्वात जास्त गैरसमज इथं होतो. ‘सेव्हन इन वन’, ‘नाइन इन वन’ ऐकलं की वाटतं, एवढ्या लसी एकत्र आहेत म्हणजे रेबीजही असेलच. पण तो आकडा बहुतेक वेळा लेप्टोचे वेगवेगळे प्रकार मोजून वाढलेला असतो. काही लसींत ‘कोरोना’ही असतो. तो २०२० चा कोरोना नव्हे. पिल्लांना हगवण लावणारा तो वेगळा विषाणू आहे आणि कोविडच्या आधीपासून कुत्र्यांच्या कार्डांवर आहे.

रेबीजची लस बहुतेक वेळा वेगळी टोचली जाते. तिचा स्टिकर वेगळा असतो. त्यावर रेबीज लिहिलेलं असतं, किंवा डॉक्टर हातानं ‘एआरव्ही’ लिहितात, म्हणजे अँटी-रेबीज व्हॅक्सिन. काही कंपन्या रेबीज आणि लेप्टोची जोडलस बनवतात. तिच्यावर ‘आरएल’ असतं. म्हणून आकडा बघू नका, अक्षर बघा. आर नसेल तर रेबीजचं संरक्षण नाही.

रेबीजचा पहिला डोस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झालं की देतात. त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढे आपल्याकडे सहसा दरवर्षी एक डोस. दोन वर्षांपूर्वीचा आर कार्डावर असेल आणि ‘पुढची तारीख’ या रकान्यातला दिवस केव्हाच उलटून गेला असेल, तर ते कार्ड पूर्ण नाही.

आणखी एक गडबड होते. याच कार्डावर जंताच्या औषधाच्या तारखाही लिहिलेल्या असतात. ‘डीवॉर्म’ किंवा ‘डीडब्ल्यू’ असं तिथं दिसतं. पाच-सहा तारखा बघून आपण खूश होतो, पण त्यातल्या चार जंताच्या गोळीच्या निघतात. जंताचं औषध म्हणजे लस नव्हे.

तीच लस तीन-तीनदा कशाला?

‘पैसे काढायचे धंदे’ अशी शंका इथं हमखास येते. कारण मात्र साधं आहे.

पिल्लू जन्मल्यावर आईचा चीक पितं. त्या चिकातून आईची रोगप्रतिकारक शक्ती पिल्लाला मिळते आणि पहिले काही आठवडे ती त्याला सांभाळते. पण हीच शक्ती लसीलाही काम करू देत नाही. ती कुणात सहाव्या आठवड्यात ओसरते, कुणात चौदाव्या, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं लस पुन्हा देतात आणि शेवटचा डोस पिल्लू सोळा आठवड्यांचं झाल्यावर दिला जावा असं बघतात.

म्हणजे पहिला डोस झाला की पिल्लू सुरक्षित झालं, असं नसतं. डोस पूर्ण होईपर्यंत त्याला चौकातल्या अनोळखी कुत्र्यांत सोडू नये, ते याच कारणानं.

मांजरीचं कार्ड वेगळं असतं. त्यावर ‘ट्रायकॅट’ किंवा ‘एफव्हीआरसीपी’ दिसेल. यात तीन आजार येतात: सर्दी-शिंकांचे दोन आणि पार्व्होचा भाऊबंद असलेला पॅनल्यूकोपेनिया. इथंही रेबीज वेगळं शोधायचं. मांजर चावली किंवा तिनं ओरबाडलं तरी रेबीजचा धोका असतोच.

गायीच्या नोंदीतली अक्षरं

वर्धा जिल्हा म्हणजे गवळाऊ गायीचं घर. पांढरी, हलक्या अंगाची, चालायला चपळ. कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीला या जातीसाठी सरकारी प्रक्षेत्र आहे. इथल्या दवाखान्यातल्या रजिस्टरमध्ये कुत्र्यांपेक्षा गायी, बैल आणि बकऱ्याच जास्त असतात, आणि त्यांच्या लसींची अक्षरं वेगळी आहेत.

एफएमडी म्हणजे लाळ्या-खुरकुत. तोंडातून लाळ आणि खुरात जखमा, आजाराचं वर्णन नावातच आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ही लस वर्षातून दोनदा देतात.

एचएस म्हणजे घटसर्प. जनावराचा गळा सुजतो, ते घोरल्यासारखा श्वास घेतं आणि एका दिवसात दगावू शकतं. लहान मुलांच्या लसीच्या यादीतही ‘घटसर्प’ हा शब्द असतो. नाव तेच, आजार वेगळा. मुलांचा घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. गायीचा घटसर्प वेगळ्या जिवाणूमुळे होतो आणि त्याची लसही वेगळी असते.

बीक्यू म्हणजे फऱ्या. जनावर लंगडतं, फरा सुजतो आणि दाबला तर चरचर आवाज येतो.

ईटी म्हणजे आंत्रविषार, शेळ्या-मेंढ्यांचा. पावसाळ्यात कोवळा चारा भरपूर खाल्ला की याचा धोका वाढतो. एचएस, बीक्यू आणि ईटी या लसी म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडावर देतात. नाल्याला पूर आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, कारण लस अंगात भिनायला दोन-तीन आठवडे जातात.

पीपीआर हा बकऱ्यांचा आजार. ताप, हगवण, तोंडात फोड. हाही बुळकांडीच्या कुळातलाच.

ब्रुसेला म्हणजे सांसर्गिक गर्भपात. ही लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना, आयुष्यात एकदाच देतात. गोऱ्ह्याला दिली नाही म्हणून भांडू नका. हा आजार माणसालाही होतो, महिनोन् महिने ताप येत-जात राहतो. म्हणून गाय गाभडली तर पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातानं उचलू नये.

गायीच्या नोंदीत ‘गोट पॉक्स’ कसं काय?

२०२२ मध्ये लम्पी मोठ्या प्रमाणावर पसरला. रजिस्टरमध्ये तो ‘एलएसडी’ म्हणून दिसतो, म्हणजे लम्पी स्किन डिसीज. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं आणि गुरांचे बाजार थांबले. तेव्हा गायींना जी लस टोचली, तिच्या बाटलीवर ‘गोट पॉक्स’ लिहिलेलं होतं, म्हणजे शेळ्यांच्या देवीची लस. लगेच चर्चा सुरू झाली: गायीला बकरीची लस देऊन काय उपयोग?

उपयोग होतो. शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लम्पी हे तिन्ही एकाच कुळातल्या, एकमेकांशी अगदी जवळच्या विषाणूंचे आजार आहेत. एकाची ओळख पटली की शरीर दुसऱ्यालाही ओळखतं. माणसाच्या लसीची सुरुवातही अशीच झाली. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरनं गायीच्या देवीची लस माणसाला टोचून माणसाच्या देवीपासून वाचवलं. लॅटिनमध्ये गायीला ‘व्हॅक्का’ म्हणतात, त्यावरून व्हॅक्सिन हा शब्द आला. आणि आपली ‘लस’? जखमेतून जे पाणी झिरपतं, त्यालाही मराठीत लसच म्हणतात.

कानातला पिवळा बिल्ला

गायीला कुत्र्यासारखं कार्ड नसतं. तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर हेच तिचं कार्ड. कोणती लस कधी दिली, हे या नंबरवर ‘भारत पशुधन’ प्रणालीत नोंदवलं जातं.

हा बिल्ला फक्त लसीपुरता नाही. टॅग नसलेल्या जनावरांची खरेदी-विक्री १ जून २०२४ पासून होऊ नये, असे राज्य सरकारचे निर्देश आहेत. वीज पडून किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावलं, तर भरपाईसाठीही टॅग लागतो. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या काठानं गुरं चारणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. बिल्ला तुटून पडला असेल तर दवाखान्यात सांगून नवा लावून घ्या, आणि नंबरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

चिठ्ठीवरचं ‘एसआयडी’ आणि केसपेपरवरचं ‘टीपीआर’

औषधाच्या चिठ्ठीवर डोस कधी द्यायचा ते लॅटिन शब्दांच्या आद्याक्षरांत लिहिलेलं असतं. बीआयडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीआयडी म्हणजे तीनदा, क्यूआयडी म्हणजे चारदा. पीओ म्हणजे तोंडातून, आयएम म्हणजे स्नायूत, एससी म्हणजे कातडीखाली, आयव्ही म्हणजे शिरेत. एक सीसी म्हणजे एक मिलीलिटर. ऑपरेशनच्या आधी ‘एनपीओ’ लिहिलं असेल तर काहीही खायला द्यायचं नाही.

गोंधळ होतो तो ‘एसआयडी’मुळे. याचा अर्थ दिवसातून एकदा. ही खूण जवळजवळ फक्त जनावरांचे डॉक्टरच वापरतात. माणसांचे डॉक्टर त्यासाठी ‘ओडी’ लिहितात. त्यामुळे मेडिकलवाल्याला एसआयडी ओळखीचं असेलच असं नाही, आणि घाईच्या अक्षरात ते बीआयडी किंवा क्यूआयडीही वाटू शकतं. दुखण्यावरचं औषध एकदाऐवजी चारदा गेलं, तर कुत्र्याच्या किडनीवर बेतू शकतं. उपाय सोपा आहे. दवाखान्यातून निघण्यापूर्वी विचारा, ‘डॉक्टर, दिवसातून किती वेळा, किती दिवस?’ आणि उत्तर त्याच चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्या.

घरातली गोळी तर देऊच नका. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉल मांजरीचा जीव घेऊ शकते.

केसपेपरवर वरच ‘टीपीआर’ असतं. टी म्हणजे तापमान, पी म्हणजे नाडी आणि आर म्हणजे श्वास. हा आर रेबीजचा नव्हे. कुत्र्याचं तापमान १०२ दिसलं की घाबरायचं कारण नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. गायीचं साधारण १०१.५, बकरीचं त्याहून थोडं जास्त. आपलं ९८.६ इथं लागू होत नाही.

‘एनएडी’ म्हणजे तपासणीत काही बिघाड आढळला नाही. ‘पीडी पॉझिटिव्ह’ म्हणजे गाय गाभण आहे. ‘रिपीट ब्रीडर’ म्हणजे वारंवार उलटणारी. ‘आरओपी’ म्हणजे वार अडकली. ‘मस्टायटिस’ म्हणजे दगडी, कासेचा दाह. ‘मिल्क फीवर’ हे नाव मात्र फसवं आहे. त्यात ताप नसतो. व्यायल्यावर कॅल्शियम कमी होऊन गाय बसते आणि अंग उलट थंड पडतं.

बाटली खिशात टाकून नेली तर?

लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीजवळ जातो. मेडिकलमधून बाटली घेऊन, गाडीच्या डिकीत टाकून वीस किलोमीटरवरच्या गावी नेली तर लस बिघडू शकते. दिसायला ती तशीच दिसते. सुई टोचली जाते, तारीखही लिहिली जाते, फक्त संरक्षण मिळत नाही. लस दवाखान्यातच टोचून घ्यावी, किंवा बर्फाच्या थर्मासमधून आणावी.

कार्डावर बाटलीचा स्टिकर, बॅच नंबर आणि मुदत असते का, हेही बघा. नुसती बरोबरची खूण आणि तारीख असेल तर डॉक्टरांकडून तपशील लिहून घ्या.

आणि चावलंच तर?

रस्त्यावरच्या काही कुत्र्यांच्या कानाला खाच असते. तिचा अर्थ, त्याची नसबंदी झाली आहे आणि त्या वेळी रेबीजची लस दिली गेली आहे. पण ते कधी झालं, हे खाच सांगत नाही. खाच दिसली म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

घरचा असो वा रस्त्यावरचा, कुत्रा चावला तर आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. मग लगेच दवाखाना गाठा. सरकारी रुग्णालयात आणि सेवाग्राम-सावंगीसारख्या मोठ्या रुग्णालयांत हीच अक्षरं पुन्हा भेटतात. एआरव्ही म्हणजे लस. कातडीत देण्याच्या पद्धतीत तिचे दिवस ०, ३, ७ आणि २८. दंडात स्नायूत दिली तर १४ वा दिवसही असतो. शून्य म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस. रक्त निघालं असेल तर ती तिसऱ्या श्रेणीची जखम, आणि तिथं लसीसोबत ‘आरआयजी’ही लागतं. हे तयार प्रतिपिंडांचं औषध जखमेतच सोडतात, कारण लसीचा परिणाम सुरू होईपर्यंतचे दिवस तेच सांभाळतं.

आता बरं वाटतं म्हणून तिसरा-चौथा डोस चुकवू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचत नाही. लक्षणांच्या आधी मात्र तो जवळजवळ पूर्ण टाळता येतो.

घरच्या कुत्र्याच्या कार्डावर ताजा आर असला तरी डॉक्टरांना दाखवायचंच. पण ते कार्ड सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना निर्णय घ्यायला मदत होते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्षही ठेवा.

पिसाळलेला कुत्रा गायीला चावला तर तिलाही चाव्यानंतरच्या लसींचा कोर्स असतो. त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

आज एवढं करा

कार्ड कपाटातून काढा आणि चार गोष्टी बघा. आर किंवा एआरव्ही आहे का? शेवटची तारीख कोणती? पुढची तारीख उलटून गेली आहे का? स्टिकर आणि बॅच नंबर आहे का?

दोन्ही बाजूंचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. चावा बसतो तेव्हा कार्ड ज्यानं ठेवलं तोच घरी असेल, असं सांगता येत नाही.